सातबारावरील तिचे नाव

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षशेतीचा इतिहास सांगावयाचा झाल्यास तो ओझरपासून सुरू करावा लागतो. सन १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी तेथे द्राक्षबागेचा पाया घातला, असे मानले जाते. पुढे निफाड, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी या परिसरातील अनेक शेतकरी कुटुंबांनी हे खर्चाचे व जोखमीचे पीक स्वीकारले. या अग्रेसर घराण्यांतील कर्त्या पुरुषांची नावे आदराने घेतली जातात. त्याच घरांतील स्त्रियांच्या आयुष्याची नोंद मात्र फारशी कोठे आढळत नाही.

वर्षभराचे कष्ट

द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर फुटवे विरळावे लागतात. ऑक्टोबरमधील गोडी छाटणीनंतर फेलफूट काढणे, घड व मणी विरळणे, संजीवकाच्या द्रावणात एकेक घड बुडविणे, ही कामे ओळीने येतात. छोट्या कात्रीने मणी विरळण्याचे काम नजरेचे व सबुरीचे आहे. ते बहुतांशी स्त्रियाच करतात. ज्या घरी बाग नाही, तेथे कांद्याची लागवड, खुरपणी व काढणी स्त्रियांच्याच हातून होते. पहाटेचा स्वयंपाक, गुरांचे चारापाणी आणि मुलांचे संगोपन या कष्टांत धरलेच जात नाही.

असे आयुष्य वेचूनही सातबाराच्या उताऱ्यावर तिचे नाव क्वचितच असते. सन २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. ही उणीव केवळ मानाची नाही. पीककर्ज, सोसायटीचे सभासदत्व, नुकसानभरपाई यांची वाट सातबारावरूनच जाते. पतीच्या निधनानंतर जी स्त्री शेती सांभाळते, तिला प्रथम आपण शेतकरी आहोत हेच सिद्ध करावे लागते.

चांदवडचा मेळावा

हा प्रश्न उघडपणे मांडला गेला तो नाशिक जिल्ह्यातच. सन १९८० च्या अखेरीस येथे झालेल्या ऊस-कांदा आंदोलनात शेतकरी स्त्रियांनी भाग घेतला होता. त्यानंतर दि. ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी शेतकरी संघटनेने चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरविले. ज्या गावी अहिल्यादेवी होळकरांचा रंगमहाल उभा आहे, त्याच गावी खेड्यापाड्यांतून मोठ्या संख्येने स्त्रिया जमल्या. बाजारभावाबरोबरच घरातील व गावातील स्त्रीचे स्थान हाही तेथे चर्चेचा विषय झाला.

याच विचारातून संघटनेचे नेते शरद जोशी यांनी काही वर्षांनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम हाती घेतला. घरच्या लक्ष्मीचे ऋण अंशतः तरी फेडावे, म्हणून पतीने स्वखुशीने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, असे हे आवाहन होते. ज्या गावी शंभर कुटुंबे असे करतील, त्या गावाचा गौरव करण्याचे ठरले. अनेक गावांतून त्यास प्रतिसाद मिळाला.

कायद्याचा आधार

शासनानेही सन १९९२ मध्ये परिपत्रक काढून, पतीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून अधिकार अभिलेखात लावण्याची सोय केली. यास पतीची संमती लागते. वारसाहक्काची गोष्ट वेगळी. तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या पुरुषाच्या मिळकतीत विधवा पत्नी, मुलगे, मुली व आई हे प्रथम वर्गाचे वारस ठरतात. महाराष्ट्राने सन १९९४ मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क दिला. सन २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित मुलींसह सर्व मुलींना तो मिळाला. ही दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सन २०२० मध्ये दिला.

तथापि, कायद्याने दिलेला हक्क रिवाजाने परत घेतला जातो, हाही अनुभव आहे. बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते. कागदात काय लिहिले आहे, हे पुष्कळदा त्यांना सांगितलेही जात नाही. माहेर तुटेल या भीतीपोटी सही करणाऱ्या भगिनीही कमी नाहीत.

गावाने काय करावे?

येथेच गावपातळीवरील कार्यकर्त्यांची जबाबदारी सुरू होते. जमिनीचा हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांत त्याची माहिती तलाठ्यास कळवावी, असा नियम आहे. गावात खातेदाराचे निधन झाल्यास त्याच्या पत्नीस व मुलींस ही माहिती पंचायत सदस्यांनी घरी जाऊन द्यावी. वारसांच्या यादीतून कोणा स्त्रीचे नाव गळले नाही ना, हे महसूल कर्मचाऱ्यांनी नोंद घेताना पाहावे. ग्रामसभेत चावडीवाचन झाल्यास अशा चुका वेळीच ध्यानी येतात. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलामुलींना सातबारा वाचावयास शिकवावा. आपल्या आईचे नाव त्यावर आहे काय, हे ती मुले स्वतःच पाहतील.

वेलीला मांडवाचा आधार लागतो, हे द्राक्ष बागाईतदारास सांगावयास नको. ज्या हातांनी बाग वाढविली, त्या हातांनाही कागदोपत्री आधार हवा. तो देण्यास नवा कायदा लागत नाही. आहे त्या कायद्याची नोंद वेळेवर व प्रामाणिकपणे व्हावी, एवढेच पुरेसे आहे.