मनाचा उपचार आणि पैशाचा हिशेब

झाशी जिल्ह्यात बेतवा नदीच्या काठी एरच नावाचे प्राचीन गाव आहे. हिरण्यकशिपूची राजधानी ती हीच, अशी तेथील लोकांची श्रद्धा. अशा गावात कोणाचे हाड मोडले, तर कोठे जावे आणि अदमासे किती पैसे लागतील, हे घरातील वडीलधारी मंडळी चटकन सांगतात. परंतु त्याच घरातील तरुण मुलाची झोप उडाली, त्याचे कामात चित्त लागेनासे झाले, तो माणसे टाळू लागला, तर काय करावे हे सांगणारा विरळा. ह्या अज्ञानाने खर्च टळत नाही. तो भलत्या वाटेने होतो. नवस, गंडेदोरे आणि बुडालेली मजुरी ह्यांची बेरीज कोणी मांडीत नाही, इतकेच.

मानसोपचार म्हणजे सांत्वन नव्हे, उपदेशही नव्हे. शिक्षित उपचारकाने रुग्णाशी ठरावीक वेळी, ठरावीक हेतूने केलेला तो संवाद होय. 1955 च्या सुमारास अल्बर्ट एलिस ह्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ पद्धती हे त्याचे एक उदाहरण. घटनेपेक्षा त्या घटनेविषयीची आपली आग्रही समजूत मनुष्याला अधिक छळते, हे तिचे सूत्र. पीक बुडाले, हे दुःख खरे. परंतु ‘पीक बुडाले म्हणून मी कुचकामी’ हा निष्कर्ष तपासून पाहता येतो. ही तपासणी एका बैठकीत होत नाही. बैठक बहुधा पाऊण ते एक तासाची, आठवड्यातून एकदा, आणि असा क्रम काही महिने चालतो.

म्हणूनच खर्चाचा विचार एका भेटीचा न करता संपूर्ण क्रमाचा करावा. त्यात शुल्काबरोबर प्रवासभाडे आणि बुडणारा रोजगारही धरावा. अंदाजे किती बैठका लागतील, गुण येतो की नाही हे केव्हा तपासायचे आणि शुल्कात सवलत आहे काय, हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारण्यात संकोच नसावा. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असल्याने औषधे देतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही, संवादाने उपचार करतो. पुष्कळ रुग्णांना दोघांचीही गरज लागते.

ज्याच्यापाशी पैसा नाही त्याचे काय? 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा येथे त्याच्या बाजूने उभा आहे. दारिद्र्यरेषेखालील मनुष्याला, त्याच्यापाशी तसे कार्ड असो वा नसो, शासकीय मानसिक आरोग्यसंस्थांतून विनामूल्य उपचार मिळण्याचा हक्क आहे. किमान सेवा जिल्ह्यात शासनाकडून उपलब्ध नसेल, तर त्याच जिल्ह्यातील अन्य संस्थेत घेतलेल्या उपचाराचा भार शासनाने उचलावा, असेही हा कायदा सांगतो. 1996 साली सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हे ह्या सेवेचे द्वार होय. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. शिवाय ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’ ही सेवा 14416 ह्या दूरध्वनी क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. कोणी ‘जगणे नकोसे झाले’ असे बोलू लागला, तर पैशाचा हिशेब बाजूस ठेवून त्याच दिवशी मदत मिळवावी.

विम्याच्या बाबतीत मात्र सावध असावे. शारीरिक आजाराच्याच पायावर मानसिक आजारालाही विमा द्यावा, असे कायद्याचे कलम 21 सांगते. तथापि पुष्कळ विमापत्रे रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि आयुष्मान भारत योजनाही मुख्यतः दाखल रुग्णांसाठीच आहे. मानसोपचाराच्या साप्ताहिक बैठका तर दाखल न होता घ्यावयाच्या असतात. म्हणून बाह्यरुग्ण उपचाराचा समावेश आहे काय, हे विमापत्र घेतानाच वाचून घ्यावे.

आणखी एक गोष्ट भाषेची. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. बाजारात हिंदी बोलणारे माणूस दुःख मात्र घरच्या भाषेत बोलते. टेली-मानसवर मराठीतही बोलता येते, ही सोय ह्या कुटुंबांनी ध्यानी ठेवावी. हक्क कायद्याच्या पुस्तकात असून भागत नाही; तो मागण्यासाठी कोणीतरी दारापर्यंत जावे लागते. आजारी मनाला ती पावले टाकण्याचे बळ अनेकदा नसते. तेवढी पावले घरच्यांनी टाकावीत.