मिटविलेलें यंत्र आणि घरचें दफ्तर

घरांतील मोलाचीं कागदपत्रें पूर्वीं माळ्यावरील पेटींत किंवा माजघरांतील फडताळांत असत. हल्लीं त्यांची जागा बहुतेक ठिकाणीं लॅपटॉपनें घेतली आहे. कुलवृत्तान्तासाठीं जमविलेल्या शाखांच्या याद्या, आगराचे सात-बाराचे उतारे, वडील मंडळींच्या पत्रांच्या प्रती, मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें, सर्व एका चपट्या यंत्रांत सामावतें. पेटी हरवली तर शोध करण्यापलीकडे मनुष्याच्या हातीं कांहीं नसे. लॅपटॉप हरवला तर मात्र दूर बसून त्यांतील सर्व मजकूर पुसून टाकतां येतो. सोय मोठी आहे. पण पुसलेलें यंत्र पुन्हां हातीं आलें तर पुढें काय, याचा विचार आधीं करून ठेवणारीं घरें थोडीं. तो विचार आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

समजा, मुंबईस नोकरीनिमित्त राहणारे आंजर्ल्याचे एक चिरंजीव गणेशोत्सवासाठीं गांवीं निघाले, आणि दापोलीस उतरतांना लॅपटॉपची पिशवी एस्. टी.तच राहिली. अशा वेळीं पुसण्याचा हुकूम सोडण्याची घाई होते, आणि दुसऱ्या दिवशीं पिशवी आगारांत जमा असल्याचें कळतें! म्हणून पहिला नियम हा कीं, आधीं यंत्रास दुरून कुलूप घालावें, आगारांत व पोलीस ठाण्यांत वर्दी द्यावी, आणि यंत्र परत येण्याची आशा सुटल्यावरच पुसण्याचा हुकूम द्यावा. ॲपलच्या यंत्रांत ही व्यवस्था 'फाइंड माय' या नांवानें असते. ती आधींच चालू करून ठेवलेली पाहिजे. यंत्र इंटरनेटला जोडलेलें नसेल तर हुकूम वाट पाहत राहतो, आणि जोडणी होतांच अमलांत येतो. तत्पूर्वीं यंत्र सांपडल्यास हुकूम मागें घेतां येतो. विंडोजच्या घरगुती यंत्रांत 'फाइंड माय डिव्हाइस'नें ठावठिकाणा व कुलूप एवढेंच साधतें. दुरून पुसण्याची सत्ता बहुधा कचेरीनें दिलेल्या यंत्रांवर कचेरीकडेच असते. असें यंत्र परत मिळाल्यास कचेरीस विचारल्यावांचून त्यास हात लावूं नये.

पुसणें म्हणजे काय, हेंही समजून घेतलें पाहिजे. अलीकडच्या यंत्रांत मजकूर गूढ लिपींत सांठविलेला असतो, आणि ती उलगडण्याची किल्ली यंत्राच्याच पोटांत असते. पुसण्याचा हुकूम होतांच ही किल्ली नष्ट केली जाते. तिजोरी जागच्या जागीं राहते. परंतु किल्ली वितळविली गेल्यावर कोणत्याही कारागिरास ती उघडतां येत नाहीं. म्हणूनच हें काम क्षणांत होतें, आणि म्हणूनच तें परतविणें अशक्य असतें.

आतां पुनरुज्जीवनाकडे वळूं. ऑपरेटिंग सिस्टिम हा यंत्राचा कारभारी होय. पुसल्यानंतर कांहीं यंत्रांत तो शिल्लक राहतो व कोऱ्या यंत्राप्रमाणें नवी मांडणी करावयास सांगतो. कांहींत त्याचीही गच्छंति होते. ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या यंत्रांत, म्हणजे 2020 च्या नोव्हेंबरपासून निघालेल्या यंत्रांत, चालू करण्याची कळ दाबून धरली असतां 'रिकव्हरी'चें दार उघडतें. इंटेलच्या जुन्या यंत्रांत चालू करतांना कमांड व आर या कळा एकत्र दाबून धराव्या लागतात. तेथें यंत्र बहुधा जुन्या मालकाचा ॲपल खात्याचा पासवर्ड मागतें. चोरास यंत्र निरुपयोगी व्हावें यासाठींच ही योजना आहे. म्हणून पुसल्यावरही यंत्राचें नांव आपल्या खात्यांतून काढून टाकूं नये. काढल्यास हें कुलूपच निघून जातें. इंटेलच्या यंत्रास पुसतांना सहा आंकड्यांचा संकेत घातला असेल तर तोही लागतो. तो लिहून ठेवावा. ओळख पटली कीं 'रीइन्स्टॉल' निवडावें, आणि काम पुरें होईपर्यंत यंत्र विजेस जोडलेलें ठेवावें.

खरी अडचण आंजर्ल्यासारख्या गांवीं येथेंच येते. मॅकचा कारभारी इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो, आणि त्याचें ओझें दहा जीबींहून अधिक असतें. तें 12 जीबी धरलें, तर सेकंदास 10 मेगाबिट वेगानें सुमारें पावणेतीन तास लागतील. वेग 2 मेगाबिटांवर आला तर तेरा तासांहून अधिक. समुद्रकांठीं पावसाळ्यांत वीज व तारा यांचा भरंवसा किती, हें 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानें दापोली व मंडणगड तालुक्यांस पुरतें शिकविलें आहे. म्हणून हें काम उघडिपींत, किंवा दापोलीस चांगली जोडणी असलेल्या नातलगाकडे करावें हें उत्तम. विंडोजसाठीं दुसऱ्या संगणकावर निदान 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून आणतां येतो. त्याच यंत्रावर पूर्वीं विंडोजचा रीतसर परवाना असेल तर तो सहसा आपोआप पुन्हां लागू होतो.

कारभारी परत आला तरी दफ्तर परत येत नाहीं, ही या सर्व प्रकरणांतील मर्माची गोष्ट आहे. दफ्तराची दुसरी प्रत दुसऱ्या गांवीं नसेल, तर पुसण्याचा हुकूम म्हणजे घराच्या स्मृतीवर आपणच सोडलेलें पाणी. तें पाणी खरोखरचेंही असूं शकतें. 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांतील अनेक वाड्यांतले कागद वाहून गेले. 22 जुलै 2021 च्या महापुरांत चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांची मोठी हानि झाली. म्हणून तीन प्रती असाव्या: एक लॅपटॉपमध्यें, एक घरांतील वेगळ्या डिस्कवर, आणि एक पुण्यामुंबईच्या बिऱ्हाडीं अथवा इंटरनेटवरील सांठ्यांत.

आणखी एक सूचना. पासवर्ड एकट्या चिरंजीवाच्या डोक्यांत असूं नयेत. पडताळणीचे आंकडे बहुधा फोनवर येतात, आणि फोनही त्याच पिशवींत गेला तर सगळाच मार्ग बंद होतो. म्हणून घरांतील दुसऱ्या एका विश्वासू वडील माणसाचा नंबर खात्यास जोडावा, आणि पासवर्डांची वही कुलुपांत ठेवावी. समर्थांनीं दासबोधांत लेखनक्रियेस एक स्वतंत्र समास दिला आहे. लिहिलेलें जपणें हा आपल्याकडे धर्माचाच भाग मानला जात आला. साधनें बदललीं तरी तें कर्तव्य बदललेलें नाहीं. या महिन्यांतल्या एखाद्या रविवारीं घरांतील मंडळींनीं एकत्र बसून दुसरी प्रत काढून ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.