परागाची ॲलर्जी आणि रक्ताची साक्ष

भाद्रपद-आश्विनांत पेण-रोह्याकडील भातशेतें निसवूं लागलीं आणि बांधावरील गवत तुऱ्यास आलें, म्हणजे कित्येक घरांत शिंकांची माळ सुरू होते. नाक पाण्यासारखें वाहतें, डोळे चुरचुरतात, एखाद्यास रात्रीं धापहि लागते. वडील मंडळी "हवा बदलली, सर्दी झाली" असें म्हणून काढा देतात. परंतु ताप नाहीं, अंगदुखी नाहीं, आणि दरवर्षीं तोच महिना गांठून येणारी सर्दी ही बहुधा सर्दी नसून ॲलर्जी असते. तिचें कारण धूळ असेल, बुरशी असेल किंवा पराग असेल. त्वचेच्या परीक्षेनें डॉक्टरांस तें शोधतां येतें. घाटावर तर १९५६ सालीं पुण्याहून नोंदल्या गेलेल्या गाजर गवताचा परागहि कित्येकांस बाधतो. या विकारावर जो दीर्घ उपचार आहे तो लागू पडत आहे कीं नाहीं, हें रक्तांतील पेशींवरून कितपत ओळखतां येतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

पराग हें कांहीं विष नव्हे. मँचेस्टर येथील डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांस स्वतःलाच हा विकार होता. त्यांनीं स्वतःवर प्रयोग करून, गवताचा पराग हेंच त्याचें कारण होय, हें १८७३ सालीं प्रसिद्ध केलें. तोच पराग शेजाऱ्याच्या नाकांत जातो, पण त्यास कांहीं होत नाहीं. म्हणजे दोष परागाचा नसून शरीरांतील अतिसावध पहारेकऱ्यांचा आहे. ॲलर्जी असलेल्याचें शरीर परागाविरुद्ध 'आयजीई' नांवाचीं प्रतिपिंडें निर्माण करतें. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेंत इशिझाका या जपानी दांपत्यानें आणि स्वीडनमध्यें योहान्सन व बेनिक यांनीं त्यांचा शोध लावला. रक्तांत बेसोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी असतात. शंभर पांढऱ्या पेशींत अशी एखादीच. तिच्या पोटांत हिस्टामिन इत्यादि द्रव्यांचीं कोठारें असतात आणि पाठीवर आयजीई चिकटलेलें असतें. नाकाच्या अस्तरांतील मास्ट पेशीहि अशाच. परागाचा अंश त्या आयजीईस जुळला कीं पेशी आपलें कोठार उघडते, आणि शिंका सुरू होतात.

या पहारेकऱ्यांस परागाची ओळख करून देऊन शांत करावें, ही उपचाराची कल्पना. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांतील लिओनार्ड नून यांनीं परागाचा अर्क अत्यल्प प्रमाणांत टोचून तो हळूहळू वाढवीत नेला व आपले निष्कर्ष १९११ सालीं प्रसिद्ध केले. आज हा अर्क टोचून किंवा जिभेखालीं ठेवून देतात. क्वचित् टोचल्यानंतर तीव्र प्रतिक्रिया येऊं शकते. म्हणून ही टोचणी डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावी व नंतर अर्धा तास तेथेंच बसावें. उपचार साधारणतः तीन वर्षें चालतो.

तीन वर्षें हा काळ लहान नव्हे. प्रवासाचा खर्च, कामाचा खाडा, मुलांची शाळा, या साऱ्यांमुळें पुष्कळ लोक मध्यंतरींच कंटाळतात. एखाद्या वर्षीं हवेंत परागच कमी असला तर रोग गेला असें वाटतें. उलट पराग जास्त झाला तर उपचार व्यर्थ गेला असें वाटतें. म्हणून रुग्णाच्या वाटण्यापलीकडची कांहीं साक्ष रक्तांत मिळते काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पहिला साक्षीदार इओसिनोफिल. रक्ताच्या साध्या तपासणींत याची संख्या लिहून येते व ती वाढलेली पाहून पालक घाबरतात. परंतु हा साक्षीदार फारसा विश्वासू नाहीं, कारण पोटांतील जंतांमुळेंहि ही संख्या वाढते. १९४० सालीं मदनपल्ली येथील मिशनच्या क्षयरोग आरोग्यधामांतील फ्रिमोट-मोलर व बार्टन या डॉक्टरांनीं, क्षयासारखीं लक्षणें असून इओसिनोफिल अतिशय वाढलेले असे रुग्ण वर्णिले. त्या विकाराचा संबंध हत्तीरोगाच्या कृमींशीं आहे, असें पुढें दिसून आलें. दुसरा साक्षीदार आयजीई. उपचाराच्या पहिल्या कांहीं महिन्यांत हें कमी न होतां उलट वाढतें व नंतर सावकाश उतरतें. तेव्हां प्रारंभींचा वाढलेला आंकडा पाहून निराश होणें चुकीचें आहे.

तिसरा साक्षीदार खुद्द बेसोफिल. रुग्णाच्या ताज्या रक्ताचे वांटे करून त्यांत परागाचा अर्क कमी-अधिक प्रमाणांत मिसळतात. कोठाराच्या आंतल्या बाजूस 'सीडी ६३' नांवाचें एक प्रथिन असतें. कोठार उघडलें कीं तें पेशीच्या पृष्ठभागावर येतें. त्यास चमकणारा रंग जोडून पेशी एकामागून एक लेसरच्या झोतापुढून नेल्या, म्हणजे किती पेशी चवताळल्या तें यंत्र मोजतें. पूर्वीं ज्या पेशी चिमूटभर परागानें चवताळत, त्यांस आतां ओंजळभर लागत असेल, तर उपचार शरीरांत रुजत आहे असें समजावें.

असें कां होतें? उपचार घेतलेल्यांच्या रक्तद्रवांत परागास अडविणारें कांहींतरी असतें, हें अमेरिकेंतील रॉबर्ट कुक व त्यांचे सहकारी यांनीं १९३५ सालीं दाखविलें. 'आयजीजी ४' नांवाचीं प्रतिपिंडें परागास वाटेंतच गांठतात, हें आज आपणांस ठाऊक आहे. शिवाय इतर पेशींस आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशीहि आपलें काम करूं लागतात.

तरीहि ही साक्ष अंतिम निकाल नव्हे. युरोपांतील ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीनें १९१७ नव्हे, तर अगदीं अलीकडे २०१७ सालीं या सर्व खुणांचा आढावा घेतला. अमुक रुग्णास गुण येईल कीं नाहीं हें खात्रीनें सांगणारी एकहि खूण अद्याप सिद्ध झालेली नाहीं, असेंच त्यांस आढळलें. कांहीं लोकांच्या बेसोफिल पेशी तर परीक्षेंत मुळींच उत्तर देत नाहींत. शिवाय रक्त ताजेंच तपासावें लागत असल्यामुळें ही परीक्षा मुख्यत्वें संशोधनापुरतीच राहिली आहे.

मग पालकांनीं काय करावें? लंडन येथील दोन परीक्षणें येथें मार्गदर्शक आहेत. गवताच्या परागाची टोचणी तीन-चार वर्षें घेतलेल्यांचा गुण ती थांबविल्यावरहि तीन वर्षें टिकला, असें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. उलट दोनच वर्षें उपचार घेतलेल्यांस, तो बंद केल्यावर वर्षभरानें, नुसतें खोटें औषध घेतलेल्यांहून अधिक लाभ उरला नव्हता, असें २०१७ सालीं दिसून आलें. दुसऱ्या वर्षीं बरें वाटतें म्हणून उपचार सोडणें म्हणजे भात निसवल्यावर शेताचें पाणी तोडणें होय.

विद्यार्थ्यांनीं एक साधी वही ठेवावी. रोज शिंका, डोळ्यांची खाज, दम आणि घेतलेलें औषध यांची नोंद करावी व ती वही प्रत्येक भेटीस डॉक्टरांपुढें ठेवावी. रक्ताची साक्ष जेथें अपुरी पडते, तेथें तीन ऋतूंची प्रामाणिक नोंद पुष्कळ कांहीं सांगून जाते.