आवडीचे काम, पोटाचे काम आणि तब्येत

रविवारची संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. सोमवारी सकाळी डोके जड होते. सुटीच्या दिवशी मात्र ना पोट दुखते, ना डोके. ही तक्रार आपल्यापैकी अनेकांच्या घरात ऐकू येते. जरीपटका, इंदोरा, नारा-नारी या भागातून कुणी बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जातो, कुणी इंदोरा चौकातून मेट्रो धरून खापरीला उतरतो आणि मिहानमधली कंपनी गाठतो, कुणी कार्यालयातल्या टेबलावर दिवस काढतो. पगार वेळेवर येतो, पण मन तिथे नसते. ते असते गाण्यात, चित्रात, शिवणकामात, कॅमेऱ्यात नाहीतर स्वयंपाकघरात. मग एक दिवस प्रश्न पडतो: नोकरी सोडून हेच करावे का?

प्रश्न पोटापाण्याचा आहे, तसा तब्येतीचाही आहे. म्हणून तो आरोग्याच्या पानावर.

थकवा कामाचा की आजाराचा?

राजीनामा लिहिण्याआधी रक्त तपासून घ्या. सततचा थकवा, चिडचिड आणि कामात लक्ष न लागणे यामागे रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा अपुरी झोप असू शकते. विदर्भात आणि आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. त्याची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालीच पाहिजे. एएस म्हणजे वाहक असलेल्यांना बहुधा त्रास होत नाही. एसएस म्हणजे रुग्ण असलेल्यांना मात्र शरीरातले पाणी कमी होणे, कडाक्याची थंडी आणि अतिश्रम यांनी वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा व्यक्तीसाठी भट्टीजवळचे किंवा अतिश्रमाचे काम बदलणे ही आवडीनिवडीची बाब नसून उपचाराचाच भाग आहे. मेयो किंवा मेडिकलमध्ये याबाबत सल्ला घेता येतो.

दुसरी खूण मनाची. कामावर कंटाळा येतो, पण घरी ढोलकी हाती घेतली की चेहरा खुलतो, तर दुखणे बहुधा कामाचे आहे. ढोलकीही नकोशी झाली, झोप-भूक बिघडली, उदासी दोन आठवडे रोज तशीच राहिली, तर नोकरी बदलून भागणार नाही. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर मोफत बोलता येते. नैराश्यात घेतलेला राजीनाम्याचा निर्णय पुढे जड जातो. आधी उपचार, मग निर्णय.

कामाच्या ताणाने माणूस झिजतो हे आता जगाने मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद घेतली. तो आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या जागी सतत साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. त्याच्या तीन खुणा: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना.

कामावर आपला ताबा किती?

इंग्लंडमध्ये १९८५ पासून दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा दीर्घकाळ अभ्यास झाला. तो ‘व्हाइटहॉल’ अभ्यास म्हणून ओळखला जातो आणि मायकेल मार्मट यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. आपले काम कसे आणि केव्हा करायचे हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी होती, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका अधिक आढळला. म्हणजे नुसते काम जास्त असणे हेच दुखणे नाही. काम आपले, पण हुकूम सगळा दुसऱ्याचा, हे अधिक झिजवणारे आहे.

आपल्या समाजाला हे कोणत्या अभ्यासाने नव्याने सांगायला नको. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी लिहिलेले आणि प्रत्यक्षात होऊ न शकलेले भाषण ‘जातिनिर्मूलन’ म्हणून आपण वाचतो. त्यात त्यांनी जातिव्यवस्थेवर घेतलेला एक आक्षेप नेमका हाच आहे. ही व्यवस्था माणसाचे काम त्याचा कल आणि कुवत पाहून ठरवत नाही, आईबापांच्या सामाजिक दर्जावरून ठरवते. ज्या कामात माणसाचे मन नाही आणि बुद्धीही नाही, ते काम तो टाळायलाच बघणार, हेही त्यांनी तिथे मांडले. आवडीचे काम निवडणे हे चोचले नाहीत. ज्यांना ती निवड शतकानुशतके नाकारली गेली, त्यांच्यासाठी तो हक्क आहे.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे कायम नोकरी हीसुद्धा लादलेल्या कामातून सुटण्याची वाट होती. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद पडली. शहरातल्या कितीतरी घरांनी मिलच्या पगारावर मुले शिकवली आणि पुढे मिल बंद पडल्याचे हालही सोसले. म्हणून ‘बाबू, लागलेली नोकरी सोडू नको’ असे वडील म्हणतात, तेव्हा ते जुनाट विचारांचे आहेत असे समजू नका. पगार थांबला की घराचे काय होते हे त्यांनी पाहिले आहे.

तीन माणसे, तीन वाटा

आवड आणि पोट यांचा मेळ घालण्याची एकच रीत नाही. आपल्याच साहित्य-परंपरेतली तीन नावे घ्या.

लोकशाहीर वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. मुंबईत गिरणीत आणि मिळेल तिथे मोलमजुरी केली, अक्षरओळखही मोठेपणी झाली. १९४३ पासून गाणी लिहू लागले आणि पुढे गाणे हेच त्यांचे जगणे झाले. गावोगाव फिरून हजारो गाणी समाजाला दिली. २००४ साली ते गेले, पण एप्रिल महिना त्यांच्या गाण्यांवाचून आजही जात नाही. मात्र आर्थिक ओढाताणीने त्यांची पाठ सोडली नाही. समाजाने गाणी घेतली, कलावंताच्या म्हातारपणाची तजवीज केली नाही, ही टोचणी आपण ठेवली पाहिजे.

बाबुराव बागूल. पडेल ते काम करत लिहीत राहिले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला आणि गाजला. पूर्णवेळ लेखक होण्यासाठी त्यांनी काम सोडले ते १९६८ मध्ये. म्हणजे वाचकांनी लेखक म्हणून स्वीकारल्यावरही त्यांनी मधली पाच वर्षे जाऊ दिली.

दया पवार. रेल्वेतली नोकरी त्यांनी सोडली नाही. नोकरी करता करताच ‘कोंडवाडा’ लिहिला आणि १९७८ मध्ये ‘बलुतं’ आले. नोकरी केली म्हणून ‘बलुतं’चे मोल कुठे कमी झाले नाही.

तिघांपैकी कुणाची वाट बरोबर, हा प्रश्नच नाही. तुमच्या घरात किती माणसे आहेत, कर्ज किती आहे, घरात आजारी कोण आहे, यावर तुमची वाट ठरेल.

छंदाचा धंदा झाला की

१९७३ मध्ये अमेरिकेत लहान मुलांवर एक प्रयोग झाला. ज्या मुलांना चित्रे काढायला मुळातच आवडत होती, त्यांतल्या काहींना चित्रांसाठी बक्षीस मिळेल असे आधी सांगितले. पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांची चित्रांतली गोडी कमी झालेली दिसली. पैसा आला की आवड मरतेच असे नाही, पण ती बदलते. गाणाऱ्याला मग स्वतःला हवे ते नव्हे, तर गिऱ्हाईक मागेल ते गावे लागते. केक करणाऱ्या ताईला रात्री अकराला उद्याची ऑर्डर येते. फोटो काढणाऱ्याचा निम्मा वेळ पैसे वसूल करण्यात जातो. हे सोसायची तयारी असेल, तरच आवडीला धंदा करा. नसेल तर आवड आवडच राहू द्या. तिच्यामुळे नोकरीतला आठवडा सुसह्य होत असेल, तर तेही तब्येतीला मोठे औषध आहे.

तासांचाही हिशोब ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक होता. दिवसा नोकरी आणि रात्री कार्यक्रम असे वर्षानुवर्षे केले, तर काम आवडीचे आहे म्हणून शरीर सूट देणार नाही. मधला काळ ठरवून घ्या. तो वर्षभराचा असावा, आयुष्यभराचा नसावा.

पाऊल टाकण्यापूर्वी

पहिले, बारा महिन्यांचा हिशोब लिहा. भीमगीतांच्या कलावंताला एप्रिलमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते, बुद्ध पौर्णिमेला कार्यक्रम असतात, ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवर पुस्तके, मूर्ती आणि फोटोंचे स्टॉल भरतात. पण पावसाळ्यात काय? एप्रिलच्या कमाईला बाराने गुणू नका. वर्षाच्या कमाईला बाराने भागा.

दुसरे, किमान सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवा. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम भांडवलात घालू नका, ती म्हातारपणाची आहे.

तिसरे, उपचारांची सोय आधी लावा. कारखान्यातली नोकरी गेली की कामगार विम्याचे छत्रही पुढे राहत नाही. घरात कुणाला सिकलसेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर हे सगळ्यात महत्त्वाचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांची सोय आहे, पण ती ठरावीक उपचारांसाठी आणि योजनेतल्याच रुग्णालयांत. रोजच्या गोळ्यांचा खर्च वेगळा धरा.

चौथे, सावकाराच्या दारात जाऊ नका. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १९७८ पासून महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. आधी तिथे आणि बँकेत चौकशी करा.

पाचवे, घरच्यांना भावनेने नव्हे, वहीने पटवा. सहा महिने शनिवार-रविवारी काम करून जमाखर्च लिहा आणि ती वही आईवडिलांपुढे, पत्नी किंवा पतीपुढे ठेवा. आकडे पाहून झालेला घरातला होकार पुढच्या वाईट महिन्यात कामी येतो.

आणि नोकरी सोडणे शक्यच नसेल, तर आहे त्या नोकरीत थोडा ताबा मिळवा. पाळी बदलून मागा, विभाग बदलून मागा, युनियनमार्फत मागा. आठवड्यातले चार तास असे ठरवा, की ज्यांवर साहेबाचा, मोबाइलचा आणि पाहुण्यांचा हक्क नाही. त्या चार तासांत पेटी वाजवा, लिहा, शिवा, रंगवा. महिनाभराने झोप कशी लागते, रक्तदाब किती आहे आणि रविवारच्या संध्याकाळी पोट काय म्हणते, ते बघा. पुढचे पाऊल किती मोठे टाकायचे, हे त्यावरून ठरवा.