घरून मेल, पण कोणत्या दारानं?

कंपनीचा मेल घरून वाचायचा, तर सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवणं सर्वांत सोपं. चोरालाही सोपंच. 2 मार्च 2021 रोजी मायक्रोसॉफ्टनं आपल्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरसाठी तातडीच्या दुरुस्त्या काढल्या, तोवर हल्लेखोर पासवर्डशिवायच आत शिरले होते. पोर्ट 443, म्हणजे सर्व्हरचं वेबसाठीचं दार, बाहेरून खुलं असलं, की त्यांचं काम भागत होतं.

म्हणून सर्व्हर व्हीपीएनच्या आड ठेवतात. आधी ओळख पटवायची, मगच मेलपर्यंत वाट.

तीही अभेद्य नाही. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीत हल्लेखोर शिरले ते एका जुन्या, विसरलेल्या व्हीपीएन खात्यातून. त्याला पासवर्ड होता. मोबाइलवरच्या कोडसारखी दुसरी खातरजमा नव्हती. (जुनी खाती बंद करणं कंटाळवाणं, म्हणून राहूनच जातं.) कंपनीनं सुमारे 44 लाख डॉलर खंडणी मोजली.