जुनी गाडी घरीच धुवा, वॅक्स लावा: रंग टिकला तर पत्रा टिकेल



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत कर्जमागणीचा विषय निघाला. एका ताईच्या घरी जुनी ओम्नी घ्यायची होती. भाजी बाजारात न्यायची, रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात पोहोचवायचं, मंडईला पाहुणे आणायचे, सगळ्यालाच ती उपयोगाची. पण ओम्नी बनवणं कंपनीने 2019 मध्येच थांबवलं, म्हणजे आता मिळेल ती जुनीच. तेव्हा एका आजीने विचारलं, "कर्ज फिटायच्या आधी गाडीच सडली तर?"

प्रश्न अगदी बरोबर होता. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. नंतर तपासणीत गाडी पास झाली तर नोंदणी 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. पत्रा गंजून भोकं पडलेली गाडी तिथेही अडते आणि विकायला काढली तर भावही पडतो. म्हणून गाडी धुणं म्हणजे नुसता चकाचकपणा नाही, ती कर्जातून घेतलेल्या वस्तूची राखण आहे. आणि खरं सांगा, घरची गाडी धुतं कोण? बहुतेक घरी आपणच. मग ते नीट शिकून घेऊ या.

माझी चूक आधी सांगते

मी कॉलेजात होते तेव्हा घरच्या जुन्या गाडीच्या बोनेटवर पक्ष्याची घाण वाळली होती. मी कपड्याची पावडर आणि भांड्याची तारेची घासणी घेतली आणि घास घास घासलं. घाण निघाली, पण तेवढ्या जागेचा रंगही गेला. दुसऱ्या पावसाळ्यात तिथूनच गंज फुटला. पुढे गाडी विकताना घेणाऱ्याने आधी तिथेच बोट ठेवलं.

झालं काय होतं? गाडीच्या पत्र्यावर अस्तर आणि रंग असे थर असतात. नव्या गाड्यांत त्यावर एक पारदर्शक थरही असतो. हे सगळे थर मिळून जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी. हा कागद फाटला की पाणी आणि हवा थेट लोखंडाला भिडतात आणि गंज सुरू होतो.

आपल्याकडची धूळ वेगळी आहे

आपल्या झाडीपट्टीत मुरमाच्या रस्त्याची धूळ असते आणि दिवाळीच्या सुमारास धानाची मळणी सुरू झाली की भुसाही उडतो. धानाच्या टरफलात सिलिका असते. वाळूतही तीच असते. म्हणून कोरड्या फडक्याने धूळ झटकणं म्हणजे गाडीवर वाळूचा कागद फिरवणं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली गाडी लावली तर मोहफुलं चिकटून बसतात. पक्ष्याची घाण आम्ल असते, ती उन्हात रंग खाते. अशा डागावर ओलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवा. डाग भिजला की अलगद उचला, घासू नका.

धुण्याची पद्धत

1. गाडी सावलीत उभी करा. बोनेट गरम असेल तर थंड होऊ द्या. तापलेल्या पत्र्यावर साबण लगेच वाळतो आणि डाग पडतात.
2. आधी नुसतं पाणी. मगाने वरून ओता, धूळ आणि चिखल वाहून जाऊ द्या. हात लावायची घाई नको.
3. दोन बादल्या ठेवा. एकीत गाडीचा शाम्पू बाटलीवर लिहिलंय तेवढाच, दुसरीत साधं पाणी. फडकं गाडीवर फिरवलं की आधी साध्या पाण्यात खळबळा, मगच परत शाम्पूत बुडवा. साध्या पाण्याच्या तळाशी किती माती बसते ते एकदा बघाच.
4. वरून खाली या. टप, काचा, बोनेट, दारं आणि शेवटी खालचा भाग. चाकांसाठी फडकं वेगळं.
5. स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच पुसा. जुनं सुती लुगडं चालतं, पण काठ, फॉल आणि जर काढून टाका. नायलॉनची साडी पाणी शोषत नाही. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवशी बाद.
6. दाराच्या खालच्या कडेला बारीक छिद्रं असतात. ती मातीने बुजली की पाणी दारातच साचतं आणि दार आतून गंजतं. बांबूच्या काडीने ती मोकळी करा.
7. इंजिनावर पाणी ओतू नका. धुऊन झाल्यावर गाडी थोडी हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबायला सांगा, म्हणजे ब्रेक कोरडे होतात.

आणि गाडी तलावात किंवा नाल्यात उतरवून धुवू नका बरं का. आपला जिल्हा तलावांचा. त्याच पाण्यात मासोळी आहे, तेच पाणी गुरं पितात. गाडीखालचं तेल आणि साबण तिथे सोडायचा नाही.

वॅक्स म्हणजे काय?

वॅक्स म्हणजे मेण. रंगावर त्याचा पातळ पापुद्रा बसतो, पाणी थेंब होऊन घरंगळतं आणि धूळ कमी चिकटते. पॉलिश किंवा रबिंग वेगळं. ते रंगाचा वरचा थर थोडा घासून काढतं. जुन्या गाडीचा रंग आधीच पातळ झालेला असतो, म्हणून रबिंग सारखं सारखं नको. गाडीवर बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल तरच एखाद्या वेळी, हलक्या हाताने.

लावायची पद्धत सोपी आहे. गाडी धुतलेली, कोरडी आणि सावलीत हवी. ओलसर स्पंजवर थोडंच वॅक्स घ्या, पोळीला तूप लावतो तेवढंच. एका वेळी दोन फूट जागा घ्या आणि पातळ थर द्या. डबीवर लिहिलेला वेळ थांबा. वॅक्स धुरकट दिसलं की स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा. काच, वायपर, टायर आणि काळं प्लास्टिक यांना लावू नका. काचेवर लागलं तर रात्री पावसात समोरचं धुरकट दिसतं.

वर्षातून तीनदा पुरे: पावसाआधी, मळणी संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर. मधेच बघायचं असेल तर पाणी शिंपडा. थेंब बनले तर वॅक्स आहे. पाणी पसरलं तर संपलं.

हे करू नका

- चमक यावी म्हणून डिझेल, रॉकेल किंवा खोबरेल तेल लावू नका. दोन दिवस चमकतं, मग धूळ चिकटते आणि डिझेल-रॉकेलने रबर खराब होतं.
- कपड्याची पावडर वापरू नका. ती वॅक्सही काढून टाकते.
- गंजावर वॅक्स लावू नका. गंज आतल्या आत वाढतच राहतो. आधी बारीक पॉलिश पेपरने गंज काढा, कोरडं करा, प्रायमर आणि रंग लावा. रंग नीट वाळल्यावर मग वॅक्स.

शेवटचं, पण महत्त्वाचं

त्या बैठकीत कर्ज मंजूर झालं. गटाने एक अट इतिवृत्तात लिहिली: गाडीच्या देखभालीची वही ठेवायची आणि हप्त्यासोबत बैठकीत दाखवायची. ताईने लगेच हो म्हटलं. मग मी विचारलं, "आरसी बुकवर नाव कोणाचं?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

ताईंनो, कर्ज आपल्या नावावर, हप्ता आपल्या हातून, धुणंही आपल्याच हातून, तर कागदावर नाव कोणाचं, हे कर्ज घेण्याआधीच घरात बोलून घ्या. आणि रविवारी गाडी धुताना मुलाच्या हातातही एक फडकं द्या.