शस्त्रक्रियागृहाची परिसेविका: एक जबाबदारीचा पेशा

बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत ‘मुलीला नर्सिंगला घालावे का?’ असा विषय निघतो. परिचारिकेचा पेशा आपल्या समाजाला नवा नाही. बहुतेक आळ्यांत एखादी सिस्टर असतेच. मात्र या पेशातील एका पदाविषयी पालकांना पुरेशी माहिती नसल्याचे आम्हांला जाणवते. ते पद म्हणजे शस्त्रक्रियागृहाची प्रमुख परिसेविका. खासगी रुग्णालयांत तिलाच ‘ओटी इन्चार्ज’ किंवा ‘ओटी सुपरवायझर’ म्हणतात.

शस्त्रक्रिया सर्जन करतात. परंतु ती सुरक्षितपणे व्हावी यासाठी लागणारी सारी सिद्धता हिच्या देखरेखीखाली होते. दिवसाच्या शस्त्रक्रियांची यादी पाहून कोणत्या टेबलावर कोणती परिचारिका उभी राहील, हे ती ठरवते. उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये योग्य दाबाने, १२१ अंश सेल्सियसच्या वाफेत, ठरलेली मिनिटे राहिली की नाही, हे ती तपासते. मॉर्फिनसारख्या औषधांचे कुलूप आणि त्यांची नोंदवहीही बहुधा तिच्याच ताब्यात असते.

या साऱ्यांत आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते मोजणीचे काम. शस्त्रक्रियेपूर्वी मॉप, सुया व उपकरणे मोजून फळ्यावर लिहितात. पोट शिवण्यापूर्वी ती पुन्हा मोजतात आणि त्वचा शिवताना आणखी एकदा. सर्जनच्या हाती उपकरणे देणारी स्क्रब नर्स आणि बाहेरून सामान पुरवणारी सर्क्युलेटिंग नर्स, अशा दोघी मोठ्याने आकडे उच्चारतात. दहा मॉप आत गेले आणि नऊच परत आले, तर काम थांबवावे लागते. टेबलाखाली, कचऱ्याच्या बादलीत शोध घेतला जातो. तरीही सापडला नाही तर एक्स-रे काढतात. मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारा धागा विणलेला असतो तो याच कारणासाठी.

सांगायला हे सोपे आहे. पण चार तास उभे राहून थकलेल्या ज्येष्ठ सर्जनला ‘सर, मोजणी जुळत नाही, थांबावे लागेल’ असे सांगणे तरुण परिचारिकेला जड जाते. अशा वेळी तिच्या पाठीशी उभी राहते ती परिसेविका. त्या क्षणी ती गप्प बसली, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी सूची प्रसिद्ध केली, ती याच विचारातून. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी अशा तीन टप्प्यांवर ती मोठ्याने वाचायची असते. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा वापर करून पाहिला असता मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. केवळ एक कागद वाचल्याने! अर्थात तो मनापासून वाचला तरच. घाईघाईने खुणा करून फाइलला लावलेल्या सूचीचा काहीही उपयोग नाही.

आता या पदापर्यंतची वाट. बारावीनंतर तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम करावा लागतो. बीएस्सीसाठी भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय लागतात. त्यानंतर राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. पुढे शस्त्रक्रियागृह परिचर्येची एक वर्षाची पदविकाही उपलब्ध आहे. ती असल्यास वाट सुकर होते. परंतु थेट परिसेविका कोणी होत नाही. अनेक वर्षे टेबलाजवळ उभे राहिल्यावरच ही जबाबदारी सोपवली जाते. सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका अशी पायरी वर्षानुवर्षे परिचित आहे. मुलांनाही हा मार्ग खुला आहे, हे येथे मुद्दाम सांगतो.

पालकांना एक सावधगिरीची सूचना. ओटी टेक्निशियनचा अभ्यासक्रम निराळा असून त्यातून परिचारिका म्हणून नोंदणी मिळत नाही. काही वर्ग ‘सहा महिन्यांत ओटी असिस्टंट’ अशी जाहिरात करतात आणि नर्सिंगचीच नोकरी मिळेल असा समज करून देतात. शुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेचे नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या व राज्य परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे स्वतः पडताळावे. नोंदणी नसेल तर पुढे परदेशी नोकरीचा अर्जही अडतो.

आणि आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात नसते. तातडीच्या सिझेरियनसाठी रात्री दोन वाजता फोन येतो आणि नाताळच्या रात्रीही शस्त्रक्रियागृह बंद नसते. म्हणून मुलीची तयारी आहे का, एवढेच विचारू नये. त्या रात्री तिला रुग्णालयात कोण सोडणार आणि तिची लहान मुले कोण सांभाळणार, हेही घरात आधीच बोलून घ्यावे.